पांढरी पँट आणि गिरणीचा पट्टा

माझं एक लग्न सायकलच्या चेनने मोडलं.

मुलगी बघायला निघालो आणि खालापूरच्या बाजारात चेनने माझ्या पांढऱ्या पँटीचा पाय गिळला. गुडघ्यापर्यंत काळं वंगण घेऊन मी पोहे खायला बसलो. मुलीच्या आईने हळूच विचारलं, "मुलगा ग्यारेजात हाय का?" (मी कर्जतला कचेरीत कारकून होतो!) नकार आला.

दुसरं स्थळ कळंबचं. या खेपेला पँट पांढरीच पोचणार, असा मी पणच केला.

"मग चेनीला बंद कव्हर बसव की रं," वडील म्हणाले.

"ते म्हातारे बसवतात! मला चेनच नको. मी पट्टा बसवणार!"

"पट्टा? सायकल हाय का भातगिरण?"

गिरण! भिकूकाकाची भातगिरण होतीच की! काकाने चेन काढली, पुढे-मागे लाकडी चाकं ठोकली, गिरणीचा जुना पट्टा चढवला आणि चामड्याच्या वादीने शिवून टाकला. गिरणीतल्या सवयीने मध्ये पीळ देऊन, इंग्रजी आठासारखा.

"असा घातला की घसरत नाय!"

घसरला नाही. पण मी पायडल मारलं तर सायकल जागची हलेना! पीळ दिलेला पट्टा चाक उलटं फिरवतो, हे घाईत काकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. चिडून पायडल मागे मारलं, तर सायकल पुढे!

"उसव तो पट्टा," वडील म्हणाले. "कव्हर आणतो मी."

"नाय! असाच जाणार!"

आणि गेलो. कळंबपर्यंत उलटे पाय मारत! बांधावरून लोक ओरडत होते, "ओ पावनं, मागं जायचं हाय का पुढं?" पोटऱ्यांचे गोळे झाले, पण पँट बगळ्यासारखी राहिली. मी छाती काढून पोहे खाल्ले. चार दिवसांत होकार आला. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

लग्नानंतर मी बायकोला ऐटीत विचारलं, "पँट बघूनच हो म्हणालीस ना?"

"पँट कुणी बघितली? मी खिडकीतून तुमचे उलटे फिरणारे पाय बघत होते."

"मग?"

"तेव्हाच ठरवलं. पट्टा कसाही घाला, हा माणूस उतरायचा नाय, गुमान पाय मारत राहणार. असाच नवरा बरा!"