माशाचं पित्त

बायकोने नदीचा मासा चिरला आणि आतली हिरवीगार पिशवी दोन बोटांनी अलगद उचलली.

"ही फुटली की अख्खं कालवण कडू!"

मी शेजारी स्टुलावर नुसता चुळबुळत होतो. उद्या माझं पित्ताशय काढणार आहेत. पोटात गेलेल्या तुपाचे बारीक थेंब करून ते पचवायला मदत करतं, ते हेच कडू पाणी. जन्मभर मी लाडवांचं कौतुक केलं, याचं कधी नाही. पिशवी गेली तरी यकृतातून पित्त झिरपत राहील, असं डॉक्टर म्हणाले. तरी हात सारखा बरगडीखाली जातो.

"घाबरलात ना?"

"छे! मी?"

ती हसली नाही. माशाकडेच बघत पुटपुटली, "उद्या डॉक्टरांचाही हात असाच हलका असू दे."