खालाची आयत आणि पश्चिमेची भिंत

माझी जहुरा खाला, म्हणजे आईची थोरली बहीण, भांडखोर नव्हती. जन्मात एकदाच भांडली, तेही भिंतीवरून.

तिचा नवरा, आमचे हमदुल्ला खालू, आगबोटीवर खलाशी. अक्षर असं की गावात निकाहनामा लिहायचा तर त्यांचीच वाट बघत. १९२४ साली त्यांनी बसऱ्याहून जाड कागदावर कुराणातली एक आयत लिहून पाठवली, खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव. पुढच्याच सफरीत ते दर्यात गेले. ना कबर, ना फोटो. खालाकडे नवऱ्याचं म्हणून उरलं ते तेवढंच.

थोरले दीर इसहाकचाचा यांनी आयतीला काच बसवली आणि ती पश्चिमेच्या भिंतीवर टांगली. किबल्याची, नमाजाला तोंड करायची दिशा ती. पण दिवेआगरात समुद्रही पश्चिमेलाच. पावसाळ्याचे चार महिने ती भिंत झोडपून निघे, आतून हात लावला तर ओली लागे. आमच्या लोकांच्या हे डोक्यातच शिरत नाही. आयत म्हटली की पश्चिम, मग भिंत रडो नाहीतर पडो.

दुसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्याला बुरशी धरली. खाला चाचांना म्हणाली, "भाई, आतल्या खोलीत पूर्वेची भिंत कोरडी आहे. तिथं लावू."

"म्हणजे नमाजाला उभं राहिलं की आयतीकडे पाठ? लोक काय म्हणतील?"

तिने ऐकलं. मला अजून राग येतो. पुढचे दोन पावसाळे ती रोज फडक्याने काच पुसत राहिली. ओल आत, पुसतेय बाहेरून. काय उपयोग, कप्पाळ!

१९२८च्या उन्हाळ्यात मात्र तिने कुणाला न विचारता चंदर सुताराला बोलावलं. चौकट उघडून त्याने तोंड वाकडं केलं. "काच कागदाला चिकटली हाय, भाभी. अजून एक पावसाळा गेला असता, तर समदं अक्षर काचेसंगं निघालं असतं."

खालचा कोपरा काचेबरोबर निघालाच. बाकीचा कागद त्याने हलक्या हाताने सोडवला, सावलीत वाळवला. काचेच्या आत पातळ पट्ट्या घातल्या, म्हणजे ती कागदाला टेकू नये. मागे बुचाचे चार तुकडे लावले, म्हणजे भिंतीची ओल चढू नये. आणि चौकट पूर्वेच्या भिंतीवर गेली.

चाचा तणतणत आले. तेव्हा खाला भांडली. "एकदा बुडाला तुमचा भाऊ. माझ्या घरात परत बुडू देणार न्हाय." आयतीवर तिने हिरवा पडदा लावला. बघायचं तेव्हा वर करायचा, एरवी खाली. पाठ होण्याचा प्रश्न मिटला, ऊनही लागेनासं झालं. पण चाचांनी त्या घराची पायरी सोडली.

दहा वर्षांनी काठी टेकत आले. "भावाचं अक्षर बघायचंय," म्हणाले.

मी तेव्हा खालाकडेच असे; पडदा मीच वर केला. शाई काळीभोर, कागद धड. चाचा वाकून कोपऱ्यात काहीतरी शोधत राहिले.

"हमदुल्लाचं नाव कुठंय?"

"ते पश्चिमेच्या भिंतीवर राहिलं, भाई," खाला म्हणाली.

चाचा खाली बसले आणि रडले. खालाही रडली. मग तिने मला चहा ठेवायला सांगितलं.