यादी लागण्याआधीची पोस्टकार्डं

निकमांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बाबा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. आणि मी, सत्तावीस वर्षं कॉलेजच्या प्रवेश खिडकीत काढलेली बाई, सवयीने विचारून बसले, "किती वाजता?" याला तीन आठवडे झाले, पण त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही...

जगन्नाथ निकम गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालय सांभाळायचे. नव्वदच्या दशकात प्रवेशाची यादी फक्त फलकावर लागायची आणि नाव लागलं की चार दिवसांत दाखले घेऊन हजर व्हायचं. शहरातली मुलं सायकलवर येऊन बघून जायची. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांवरच्या मुलांना कोण कळवणार? त्यांच्यासाठी जागा राखीव होत्या, पण जागा मिळाली हे त्यांना कळवण्याची सोय कुणीच केलेली नव्हती. ती निकमांनी केली. एकेका मुलाला ते पोस्टकार्ड लिहायचे : 'तुझं नाव लागलं आहे. शनिवारच्या आत मूळ दाखले घेऊन ये. जेवायला माझ्या घरी ये.' कार्ड पोहोचायला तीन-चार दिवस लागत, म्हणून यादी फलकावर जायच्या आधीच मी तिची एक प्रत त्यांना गुपचूप द्यायची. नियमात बसत नव्हतं, पण चालून जायचं.

मग एका वर्षी प्राचार्यांच्या केबिनमध्ये, सगळ्यांसमोर, निकम म्हणाले, "सर, आपल्या बाई खिडकीतून मान वर करत नाहीत. खेड्यातली पोरं काही न विचारताच परत जातात." खरं होतं, म्हणूनच झोंबलं. त्या वर्षी ते यादी मागायला आले तेव्हा मी म्हटलं, "फलकावर लागेल. सगळ्यांबरोबर बघा." ते "बरं" म्हणाले आणि गेले.

शनिवारी मुदत संपली. सोमवारी दुपारी पेठकडच्या एका पाड्यावरची मुलगी वडिलांबरोबर खिडकीशी आली. बी.एस्सी.ला नाव लागलं होतं तिचं, पाड्यावरची बारावी झालेली ती पहिलीच मुलगी. हातात निकमांचं कार्ड. "बाई, कागद परवा सांजचा भेटला. काल गाडीच नाय आली." तिची जागा सकाळीच प्रतीक्षा यादीतल्या मुलाला गेली होती, माझ्या सहीने. निकम ग्रंथालयातून धावत आले. "बाई, काहीतरी बघा ना." "नियम आहे," मी म्हटलं आणि रजिस्टरात डोकं खुपसलं. तिच्या वडिलांनी मला नमस्कार केला आणि दोघं निघून गेली.

पुढच्या वर्षी निकम तिला आणायला स्वतः पाड्यावर गेले. परत आल्यावर माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "लग्न झालं तिचं. पिंपळगावला द्राक्षबागेत कामाला जातात दोघं." बस, एवढंच. त्यानंतर दरवर्षी यादी मीच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू लागले. ते चहा मागवायचे, आम्ही जगभरच्या गप्पा मारायचो, त्या मुलीचा विषय सोडून. त्यांनी मला माफ केलं असावं असं मी धरून चालले. ते सोयीचं होतं.

परवा निकम वहिनींना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "दवाखान्यात सारखं त्या पेठच्या पोरीचं काढायचे. म्हणायचे, मी प्राचार्यांपुढं बाईंना तसं बोललो नसतो, तर पोरगी शिकली असती. माझ्यामुळं झालं. लय लावून घेतलं होतं बघा त्यांनी."

म्हणजे इतकी वर्षं माझा दोष ते स्वतःच्या अंगावर घेऊन वावरत होते, आणि मी त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, चूक माझी होती. रागापोटी यादी मी मुद्दाम अडवली."

वहिनी रागावल्याही नाहीत.

"हे त्यांना सांगायला हवं होतंत, बाई."