निळा सात

कोर्टातल्या बेलिफाला एका गोष्टीचा भयंकर राग होता. लोक 'जप्ती' हा शब्द वाटेल तसा वापरत. शेजारची बाई पोराचा चेंडू माळ्यावर टाकून म्हणायची, जप्त. शाळेतल्या बाई वर्गात फोन जप्त करायच्या. असं कानावर पडलं की बेलीफ चहाचा कप खाली ठेवून समोरच्याची शिकवणी घेई. जप्ती म्हणजे उचलून नेणं नव्हे. जप्तीनंतरही वस्तू मालकाचीच असते, फक्त तिच्यावरचा त्याचा हात निघतो. ती विकता येत नाही, हलवता येत नाही, कुणाला देता येत नाही. पुढे लिलाव झाला तर गेली, पैसे भरले तर सुटली. ऐकणारा कंटाळून मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंडू जप्त व्हायचा.

चौतीस वर्षं त्याने हेच काम केलं होतं. हातात वॉरंट, बरोबर दोन पंच, खांद्याच्या पिशवीत निळ्या ऑइल पेंटची डबी आणि बारीक ब्रश. यादीतल्या प्रत्येक लाकडी वस्तूच्या पायाला, आतल्या बाजूने, तो आकडा रंगवायचा, म्हणजे मालकाला रातोरात वस्तू बदलता येऊ नये. त्याचा सात कुणालाही ओळखू यावा असा होता, मधोमध आडवी रेघ मारलेला. त्या रेघेचा त्याला अभिमान होता. अभिमान बाळगावा असं बाकी काही त्याच्या पदरात नव्हतं, असं त्याचं स्वतःचंच मत.

सगळ्या चांगल्या वस्तू त्याच्या हाताखालून गेल्या. आणि घरात? घरात लग्नातली लोखंडी कपाटं आणि एक पाय आखूड असलेली खुर्ची. कोर्टाच्या माणसाला कोर्टाच्या लिलावात बोली लावता येत नाही, असा नियमच. म्हणून तो लिलावाच्या दिवशी तिकडे फिरकतसुद्धा नसे. आपण नीट यादी करून ठेवलेलं कपाट तिसऱ्याच कुणाच्या हातगाडीवर चढताना बघायला त्याला आवडत नव्हतं.

त्यात साडू.

साडू धाकटा, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. छोटा छापखाना होता त्याचा, पण सासरी सगळे त्याला 'शेठ' म्हणत. बेलिफाला मात्र पाठीमागे 'जप्तीवाला'. सासरे दोघांना एकाच दिवशी जेवायला बोलवायचे आणि शेठ आला की उठून त्याला स्वतःची जागा द्यायचे. थोरला जावई पाटावर. शेठच्या घरी दर वर्षाला नवीन काहीतरी यायचं. एकदा सहा जणांचं जेवणाचं टेबल, एकदा आरशाचं कपाट, पॉलिश असं की तोंड दिसावं. बेलिफाला त्यात स्वतःचंच तोंड दिसायचं आणि ते कडू झालेलं असायचं. बायको बहिणीकडून परतली की दोन दिवस गप्प असायची. ती मनातल्या मनात तुलना करत असणार, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. मग तोही दोन दिवस गप्प राही आणि आमटीला मीठ नाही म्हणून भांडत असे.

निवृत्तीला महिना उरला असताना वॉरंट आलं. एका कागदवाल्या व्यापाऱ्याने मिळवलेला हुकूम, आणि वर नाव शेठचं. बेलिफाने ते तीनदा वाचलं. खोटं कशाला बोला, त्याच्या मनात उकळ्या फुटल्या.

नियमाने त्याने नाझरला, म्हणजे कोर्टाच्या वरच्या कारकुनाला, सांगायला हवं होतं की हे आपले नातेवाईक आहेत. मग वॉरंट दुसऱ्या बेलिफाकडे गेलं असतं. नाझरने सवयीने विचारलंच, ओळखीतलं कुणी नाही ना? बेलीफ नाही म्हणाला आणि रजिस्टरात तसं लिहून सही केली. ही सही खोटी निघाली तर चौतीस वर्षांची नोकरी आणि पेन्शन दोन्ही धोक्यात, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण ते टेबल आपल्या हाताने उलटं करायची संधी पुन्हा येणार नव्हती.

सकाळी अकराला तो दारात उभा राहिला. मागे दोन पंच आणि व्यापाऱ्याचा माणूस. दार शेठनेच उघडलं आणि हसून बाजूला झाला. त्याने काही बोलायच्या आत बेलिफाने वॉरंट समोर धरलं आणि परक्याला विचारावं तसं विचारलं, "आपलं नाव काय?"

शेठने त्याच्याकडे पाहिलं, मग पंचांकडे पाहिलं. आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश सांगितलं. मेहुणी आतून आली, "भाऊजी, अहो..." म्हणाली. बाई कुणालाही भाऊजी म्हणते, तेव्हा पंचांना त्यात काही वाटलं नाही. शेठने तिला सगळ्यांसाठी पाणी आणायला सांगितलं.

बेलिफाने ऐटीत सुरुवात केली. टेबल उलटं करायला लावलं, ब्रश बुडवला, आणि हात तिथेच थांबला. पायाच्या आतल्या बाजूला, नव्या पॉलिशच्या थराखाली, फिकट निळा आकडा होता. सतरा. साताला आडवी रेघ. त्याने आरशाचं कपाट पुढे ओढून पाहिलं. तिथेही त्याचंच अक्षर. ज्या लाकडावर तो वर्षानुवर्षं जळत होता, ते सगळं त्यानेच कुठून ना कुठून जप्त केलेलं होतं.

शेठ जवळ येऊन हळूच म्हणाला की नवं घ्यायची ऐपत कधीच नव्हती. लिलावातलं घ्यायचं, पॉलिश मारायचं, मुठी बदलायच्या आणि सासऱ्यांना नवं म्हणून सांगायचं. यादी चांगल्या माणसाने केलेली असली की मालात खोट नसते, एवढं बघून घ्यायचो. बेलिफाला बरं वाटायला हवं होतं. उलट आपल्याला कुणीतरी लुबाडलं असं त्याला वाटलं. इतक्या वर्षांचा जळफळाट, आणि तोही सेकंडहँड मालावर.

यादी संपत आली तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसाने आतल्या खोलीतली एक वस्तू दाखवली. चादरीखाली झाकलेली वेताची आरामखुर्ची. बेलिफाने ती चादर काढायच्या आधीच ओळखली. सहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरच्या घरून त्यानेच ती यादीत घेतली होती. त्या आठवड्यात सासऱ्यांकडे जेवताना तो म्हणाला होता की एकदा असल्या खुर्चीत पाय लांब करून बसायचं, मग मेलो तरी चालेल. सगळे हसले होते. बायको हसली नव्हती.

"ही लिहू नका," शेठ म्हणाला. "ही आमची नाही. आमच्या एका पाहुण्यांची आहे. लिलावात मी घेतली, पण त्यांच्या बायकोने घरखर्चातनं वाचवून मला सगळे पैसे दिलेत. ते निवृत्त झाले की त्यांना द्यायची म्हणून ठेवलीय. त्यांना अजून माहीत नाही."

पंच बेलिफाकडे पाहू लागले. असं प्रत्येक घरी कुणीतरी म्हणतंच, आणि त्यावरचं उत्तर त्याला पाठ होतं. ते आपोआप तोंडातून आलं. "पाहुण्यांना बोलवा. समोर येऊन माझी आहे म्हणाले तर सोडतो."

शेठने खुर्चीवरून काढलेल्या चादरीची घडी घातली. एका शब्दात तो त्याला बुडवू शकला असता.

"ते म्हणतील असं वाटत नाही," तो म्हणाला.

मेहुणीने तोंडाला पदर लावला. बेलीफ खाली बसला, खुर्चीचा पाय वळवला, जुन्या आकड्याशेजारी नवा रंगवला आणि यादीत लिहिलं: आरामखुर्ची, वेताची, एक. सगळं सामान शेठच्याच ताब्यात ठेवून त्याच्याकडून लिहून घेतलं. शेठने सही केली. पंचांनीही केली.

संध्याकाळी बायकोने ताट वाढलं. आज ती आपणहून बोलत होती. रविवारी धाकटीकडे जाऊ या म्हणाली. तिथे तुमच्यासाठी एक वस्तू ठेवलीय, सहा वर्षं ही गोष्ट पोटात ठेवली, तिकडून आले की तोंड उघडायची भीती वाटायची मला. आता पुढच्या महिन्यात तुम्ही घरीच बसणार, तर सांगून टाकते. काय ते मात्र विचारू नका.

त्याने विचारलं नाही. तिने त्याच्या नखात अडकलेला निळा रंग पाहिला आणि नेहमीसारखी रॉकेलचा बोळा घेऊन शेजारी बसली. बोट धरून चोळता चोळता तिने विचारलं, आज कुणाकडे होती जप्ती?

"होता एकजण," बेलीफ म्हणाला. "ओळखीतला नव्हता."