कोऱ्या पानावरच्या सह्या

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अख्ख्या घाटंजी तालुक्यात पोटात एकही गोष्ट न ठेवणारा माणूस एकच आहे आणि ते म्हणजे माझे साडभाऊ. त्यांच्या घराला पडदे नाहीत, फडताळाला दार नाही. मुलीला पाहायला पाहुणे आले, तर पोह्यांच्या बश्या हाती पडायच्या आत यांनी सांगून टाकले, "पोरगी गुणाची हाय, पण घोरते. मंग म्हनसान, सांगतलं नाई." घाबरून मुलाकडच्यांनीही आपले सगळे सांगून टाकले आणि सोयरीक जुळली!

अशा माणसाला गावाने शाळेच्या समितीचे अध्यक्ष केले. समितीची रीत जुनी. आधी चहा, चहाबरोबर रजिस्टरच्या कोऱ्या पानावर सह्या, आणि ठराव मागाहून उपाध्यक्ष घरी निवांत लिहिणार. कोणी विचारलेच तर, "सर्वानुमते झालं ना भाऊ!" पहिल्या सभेत साडभाऊंनीही चहा घेतला, सही केली. पण तो चहा त्यांना पचला नाही. "आता जे होईन थे मायकावर," त्यांनी फर्मान काढले. देवळाचा भोंगा शाळेत आला, दुसरी सभा लिंबाखाली भरली, झाडून सारे गाव जमले.

साडभाऊंनी मागचा ठराव खणखणीत आवाजात वाचायला घेतला. दहा वर्षे शाळेची खिचडी शिजवणाऱ्या तांड्यावरच्या शेवंताबाईंना कमी करून उपाध्यक्षांच्या भावजयीस घेण्याचे सर्वानुमते ठरले होते. खाली पहिलीच सही साडभाऊंची! शेवंताबाई चुलीपासून उठून खिचडी हलवायच्या सराट्यासकट सभेत येऊन उभी राहिली.

साडभाऊंचा आवाज जन्मात पहिल्यांदा बसला. "सही माहीच हाय. चहा पेतानी केली. चुकलं माह्यं, बाई." मग सावरून म्हणाले, "बाईले काढाचं ज्याच्या मनात हाय, त्यानं कारन सांगून हात वर करा." एकही हात वर जाईना. उपाध्यक्ष स्वतःच्या चपलेचा अंगठा न्याहाळत बसले.

यंदा समिती बदलली. साडभाऊ घरी आहेत, आणि सह्या पुन्हा चहासोबत होतात म्हणे. शेवंताबाई मात्र अजून त्याच चुलीपाशी आहे. तिला ठेवण्याचा ठराव रजिस्टरात कुठेच नाही. तो साऱ्या गावाने भोंग्यावर ऐकला. त्या दिवशी लिंबाखाली कोणाचाच हात वर जाईना, तेवढ्यात चुलीकडून करपल्याचा वास आला, तसे उपाध्यक्षच दचकून चालू मायकासमोर ओरडले, "अवं शेवंताबाई, खिचडी लागून राह्यली ना! तुह्याबिगर कोन पाह्यन तिकडं?"