उडाले की सांगा

हिप्परग्याच्या तलावावर मी डॉक्टरांच्या धाकाने सकाळी फिरायला जातो. पक्ष्यांशी माझं काही देणंघेणं नाही. तिथल्या बांधावर एक म्हातारे गृहस्थ हातभर लेन्सचा कॅमेरा घेऊन रोज एकटेच बसलेले असायचे. एकदा त्यांनी मला हाक मारली.

"डोळा हितं लावला की मला बाकी काय दिसत न्हाय. वाईच बसा की. पक्षी उडाले की सांगा."

मी बसलो. चक्रवाक पाण्यावरून उठले, मी "उडाले!" म्हणून ओरडलो आणि त्यांनी खटाखट फोटो काढले. फोटो कसे आलेत ते न बघता त्यांनी आधी थर्मासच्या झाकणात मला चहा ओतला. मग ते रोजचंच झालं. नाव त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

परवा मला उशीर झाला. लांबूनच ते दिसले. थवा उठला आणि पहिल्या फडफडीपासून तो दिसेनासा होईपर्यंत त्यांचा कॅमेरा अचूक त्याच्यामागे फिरला.

मी जवळ गेलो तर म्हणाले, "बरं झालं आलात. सकाळधरनं एक फोटो घावला न्हाय बगा."

माझा चहा त्यांनी ओतूनच ठेवला होता. पार गार झाला होता. तो तसाच पिऊन मी पाण्याकडे नजर लावली.