वरच्या ओळीतलं नाव

करखात्याचा कागद स्टीलची पट्टी लावून वाचणारा, आणि वाचता वाचता समोरच्याच्या संसारात कुठं काय गळतंय ते सांगणारा माणूस साऱ्या आयर्लंडात एकच असेल, आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे डब्लिनमध्ये, सँट्रीतल्या आमच्या इमारतीत, बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये. हे रत्न मला पुरतं कळलं ते माझ्या स्वतःच्या मूर्खपणामुळे, म्हणून आधी तो सांगून मोकळा होतो. २०२१च्या जानेवारीचा पगार खात्यात आला तो नेहमीपेक्षा चांगलाच रोडावलेला होता. अशा वेळी शहाणा माणूस शांतपणे पगाराची स्लिप उघडून बघतो. मी कंपनीत पगार काढणाऱ्या बाईंना दीड पानाची ईमेल लिहिली. 'अत्यंत खेद', 'इतक्या वर्षांची निष्ठा', 'योग्य ती कारवाई' असे जे जे शब्द मला शाळेत अर्जलेखनात गुण मिळवून देत, ते सगळे इंग्रजीत करून तिच्यात घातले. बाईंचं उत्तर दोन ओळींचं आलं. पहिली ओळ, "यू आर ग्रँड." म्हणजे तुमचं सगळं ठीक आहे. ही इथली मंडळी पाय मोडलेल्यालाही असंच सांगतात. दुसरी ओळ अशी, की आमची काही चूक नाही, करखात्यानं तुमची सूट कमी करून पाठवली तेवढी आम्ही लावली, का कमी केली ते त्यांना विचारा.

"का कमी केली असेल?" मी बायकोला विचारलं.

"मला काय विचारतोस? वरच्या काकांना दाखव," ती म्हणाली.

वरचे काका हे नाव आमच्या लेकीनं ठेवलं. ते माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठे आहेत, पण ती काका म्हणते म्हणून बायकोही म्हणते आणि आता मीही म्हणतो. गृहस्थ मूळचे नागपूरचे. पन्नाशी उलटल्यावर, केस विरळ झाल्यावर, पोरगा बंगळुरात नोकरीला लागल्यावर त्यांना डब्लिनच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं बोलावलं, आणि २०२०च्या जानेवारीत ते दोन बॅगा घेऊन एकटेच आले. त्यांच्या पत्नी मार्चअखेर येणार होत्या. तिकीट काढलेलं होतं. पुढं काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. आधी व्हिसा होता तर विमान नव्हतं. विमानं सुरू झाली तोवर व्हिसा संपला. नवा मागायला गेल्या तर अर्ज घेणंच बंद होतं. अशा रीतीनं वरच्या फ्लॅटमध्ये दोघांचा संसार एकट्यानं सुरू झाला. काकांनी स्वयंपाकघरातलं एक आख्खं प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, रिकामं ठेवलं होतं, कारण डबे कुठल्या क्रमानं लावायचे ते 'ही आल्यावर' ठरणार होतं. बसचं दुसरं कार्ड आणून ठेवलं होतं. आणि आमची इमारत विमानतळाजवळ असल्यानं, त्या ओस पडलेल्या दिवसांत एखादं चुकार विमान डोक्यावरून गेलं की काका बाल्कनीत येऊन ते दिसेनासं होईपर्यंत बघत. मालवाहू असेल, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

स्वयंपाक मात्र रोज दोघांचा मिळून व्हायचा, फोनवर. संध्याकाळी काका ओट्याशी फोन उभा करत, तिकडे नागपुरात त्या आपल्या ओट्याशी उभ्या राहत. तिथं तेव्हा मध्यरात्र व्हायला आलेली, पण 'त्यांना भूक लागली की आपल्यालाही लागते' असा त्या माउलीचा हिशोब होता. दोन्ही घरांत कुकर चढायचा. अडचण अशी, की शिट्टी झाली ती सँट्रीची का नागपूरची हे फोनवर कळत नसे. काका इमानानं तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद करत, आणि त्यातल्या दोन तिकडच्या निघत. वर्षभर या माणसानं कच्चा भात खाल्ला, पण फोन बंद करून कुकर लावा म्हटलं तर म्हणत, "मग जेवणात मजा काय राहिली?"

या साऱ्या संभाषणात त्यांनी पत्नीचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्याशी बोलताना 'ही', फोनवर 'अगं', आणि फारच गंभीर विषय असेल तर 'आमची मंडळी'. दीड वर्ष आम्ही त्यांच्या प्रत्येक भाजीची, प्रत्येक सर्दीची, व्हिसाच्या प्रत्येक फेरीची खबर ठेवून होतो, पण नाव ठाऊक नव्हतं. लेकीनं एकदा विचारलंही, तर काका लाजून म्हणाले, "ते आमच्याकडे घेत नाहीत बेटा."

टाळेबंदीत लोक घरी ब्रेड भाजायला शिकले. काकांनी करखात्याची वेबसाइट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. नागपुरातही म्हणे ते ऑफिसातल्या वीस जणांचे कागद भरून द्यायचे, हौस म्हणून. हळूहळू आमच्या इमारतीतली चार-पाच भारतीय घरं आपापले कागद त्यांच्या दारात ठेवू लागली. फी पैशांत नाही. एक वाटी काहीतरी, आणि शक्यतो सांबारवडी. सांबार म्हणजे नागपूरकडची कोथिंबीर. माझी बायको पुण्याची, तिनं आपली कोथिंबीर वडी करून पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी धुऊन परत आली आणि वर अभिप्राय आला, "छान झाली. वेगळी झाली." बायको आठवडाभर त्या 'वेगळी'चा अर्थ लावत होती.

तर माझा कागद. जानेवारीत कुणाच्या घरात जायला बंदी होती, त्यामुळे सुनावणी जिन्यात भरली. मी कागद सहाव्या पायरीवर ठेवून खाली आलो, काका वरून उतरले, त्यांनी हाताला सॅनिटायझर लावलं, मग पट्टीला लावलं, आणि मधल्या कट्ट्यावर उभे राहून वाचायला लागले. सरकारी कागद ते बसून वाचत नाहीत. बायको आणि लेक माझ्यामागे दारात. काकांची पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती.

"आपल्याकडे," काका मास्कमधून म्हणाले, "सूट म्हणजे कणकेतलं मोहन. आधीच घालतात. उत्पन्नातूनच वजा. इथं तसं नाही. इथं पूर्ण कर काढतात, म्हणजे पोळी भाजून घेतात, आणि मग सूट तुपासारखी वरून सोडतात. तूप जास्त, तर कर कमी. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. "पण माझं तूप गेलं कुठं?"

"गेलं नाही. वहिनींच्या ताटात जाऊन राहिलं."

"पण माझ्याकडे कुठं पोळी आहे?" बायको मागून म्हणाली. ती एका पाळणाघरात नोकरी करायची. शाळा घरात आल्यापासून तिनं ती सोडली होती, लेकीपाशी कुणीतरी हवं म्हणून.

"तेच तर," काका म्हणाले. "नवरा-बायकोची सूट इथं एकत्र असते, कुणाच्या नावावर किती ते तुम्हीच ठरवता. इथं जेवढी हलवता येते तेवढी सगळी वहिनींच्या नावावर आहे. त्यांना पगार नाही. रिकाम्या ताटात तूप ओतणं चाललंय."

"पण हे केलं कुणी?" मी जरा आवाज चढवला. ती दीड पानी ईमेल अजून अंगात होती.

काकांनी पट्टी थांबवली. "तुम्ही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, तुमच्याच खात्यातून. काहून केलं असं?"

आणि मला आठवलं. आमच्या लग्नाचा वाढदिवस तेव्हाच असतो. दुकानं बंद होती. आमच्या घराण्यात नवरे प्रेम तोंडानं बोलत नाहीत, बायकोच्या नावावर करतात. आजोबांनी आजीच्या नावावर ठेव ठेवली, वडिलांनी आईच्या नावावर गॅसचं कनेक्शन घेतलं आणि स्कूटरही, जी ती कधी चालवू शकली नाही. मला वाटलं, हिनं घरासाठी नोकरी सोडली, तर हिच्या नावावर काहीतरी असावं. वेबसाइटवर तसं करायची सोय दिसली, दोन बटणं दाबली, आणि मोठ्या समाधानानं चहा केला. सरप्राइज म्हणून सांगितलं नाही आणि नंतर विसरलो.

मी हे सगळं जिन्यात, तिघांसमोर कबूल केलं.

"बरं आहे," बायको म्हणाली. "मला वाटत होतं यंदा काहीच दिलं नाहीस."

काका हसले नाहीत. ते म्हणाले, "चूक आहे, पण मन चांगलं आहे. दुरुस्त होते. कापलेलं पुढच्या पगारात परत येतं. आणि पाहा, वहिनी घरी पोरीपाशी असतात, त्याची इथं वेगळी सूट मिळते. ती तुम्ही मागितलीच नाही. सरकार मोजून राहिलं वहिनींचं काम, तुम्हीच मोजलं नाही." त्यानंतर महिनाभर आमच्या घरी हे वाक्य भांडी घासताना माझ्यासमोर येत असे.

तेवढ्यात लेक म्हणाली, "काका, व्हॉट डझ युवर्स से?" तिला मराठी सगळं समजतं, उत्तरं मात्र सँट्रीतून येतात.

काकांनी पट्टी खिशात घातली. "माझ्यात वाचण्यासारखं नाही काही. एकच नाव आहे." मंडळी आयर्लंडात नाहीत, म्हणून कागदावर ते एकटे माणूस. विवाहित असून एकटे, हे त्यांनी आम्हाला तितक्याच शांतपणे, एक नियम म्हणून समजावून सांगितलं आणि जिना चढून गेले. त्या संध्याकाळी वरून शिट्ट्या ऐकू आल्या तेव्हा आम्ही तिघंही नकळत मोजत होतो.

त्या आल्या ऑक्टोबरात. काका पहाटेपासून विमानतळावर जाऊन बसले होते, विमान दुपारचं होतं. दुसऱ्याच आठवड्यात वरून एक ताटली आली, अस्सल सांबारवडी. बायकोनं एक खाल्ली, डोळे मिटून चावली आणि म्हणाली, "हो. वेगळी आहे." तोवर दर शनिवारी काका जिन्यात कुणाचा ना कुणाचा कागद समजावत उभे असायचे, त्यानंतर ते दिसेनात. कागद दारात ठेवला तर दुसऱ्या दिवशी वाचून परत यायचा, पण उभं राहून समजावणं, तूप, मोहन, सगळं बंद. प्रेस लावायचं काम निघालं असावं. आम्हाला आनंदच होता, फक्त शनिवार जरा लांबायला लागले.

मग नोव्हेंबरात एकदा बेल वाजली. आता घरात यायला परवानगी होती, पण काका दारातच उभे राहिले. हातात कागद आणि पट्टी, मागे त्या, स्वेटरवर शाल.

"एवढं वाचून द्या," काका मला म्हणाले.

"मी? तुम्हाला?"

"मोठ्यानं वाचा."

मी पट्टी लावली. सूट चांगली वाढली होती, मला आता ते दिसायला लागलं होतं, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. काकांनी बोट ठेवून पट्टी वर ढकलली. "ते असू द्या. वरची ओळ."

वरच्या ओळीत दोन नावं होती. मी काकांचं वाचलं. मग त्यांच्या पत्नीचं वाचलं, पहिल्यांदाच. ते इथं लिहीत नाही, त्यांच्याकडे घेत नाहीत. काका जमिनीकडे बघत ऐकत होते. त्या शालीचं टोक सारखं करत म्हणाल्या, "झालं का आता समाधान? चला, कुकर लावायचा आहे."

"पुन्हा एकदा वाचा," काका म्हणाले. "सावकाश."

मी वाचलं. दोघं जिना चढून गेले. थोड्या वेळानं वरून शिट्टी झाली, मग दुसरी, मग तिसरी, आणि गॅस बंद झाला. बरोबर तीन. मी अजून दारात पट्टी घेऊन उभा होतो, काका ती विसरून गेले होते.

बायकोनं ती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "इतक्या वर्षांत माझं नाव असं पट्टी लावून वाचलंयस का कधी?"